नाकवाले ट्रक आणि लाकडी केबिन

“बोनेट होतं तोवर ड्रायव्हर वाचायचा.” हे वाक्य मी इंदूरच्या लोहामंडीपासून सेंधव्यापर्यंत ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडवरच्या जवळजवळ प्रत्येक टपरीवर ऐकलं आहे. बोलणारा बहुधा पन्नाशीपुढचा असतो, हातात कट चहा आणि समोर एखादा चपट्या तोंडाचा ट्रक उभा. आता तेच वाक्य आमच्या जुन्या सर्व्हेअरांच्या ग्रुपवर फोटोखाली फिरतं, आणि खाली सगळे हात जोडतात.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. अपघात झाला की विमा कंपनी ज्याला फाइल घेऊन पाठवते तो माणूस. १९८८ साली इंदूरला काम सुरू केलं तेव्हा रस्त्यावर नाकवाले, म्हणजे केबिनपुढे बोनेट आलेले, ट्रकच जास्त होते; थांबलो तेव्हा ते शोधावे लागत. ट्रक धावत्या अवस्थेत मी फार पाहिले नाहीत. पाहिले ते खंतीत (रस्त्याकडेच्या चरीत) पडलेले, झाडाला टेकलेले, किंवा ठाण्याच्या आवारात पंचनाम्याची वाट बघत गंजणारे. तेव्हा माझ्या मताला त्या नजरेचा रंग आहे हे धरूनच चला. मत असं, की बोनेटला न केलेल्या कामाचं श्रेय मिळालं आणि चपट्या तोंडाने दुसऱ्याच्या पापाच्या शिव्या खाल्ल्या. ते पाप लाकडी केबिनचं होतं.

आधी त्या नाकाबद्दल. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर १९५४ साली करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ पर्यंत चालला, तोवर बोनेटवर बेंझचा तारा होता. नंतर ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला, तोंडवळा बरीच वर्षं तसाच राहिला. माझे बाबा इंदूरच्या सियागंजातल्या एका आडतीवर हिशेब लिहायचे. दारात ट्रक लागला की, तारा जाऊन दहा वर्षं झाली तरी, “मर्सिडीज आली बघ” म्हणायचे. मॉडेलांची नावं म्हणजे आकडे: १२१०, मग १६१२, १६१३. हे आकडे वाचायची रीत सोपी: पहिले दोन म्हणजे एकूण वजन टनात, पुढच्या दोनांना दहाने गुणलं की साधारण अश्वशक्ती.

आता ज्याला आपण बोनेटचा ट्रक म्हणून डोळे पुसतो, त्या टाटा एसई गाड्यांना कारखान्याच्या कागदावर सेमी-फॉरवर्ड म्हटलेलं असे. म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग बोनेटखाली आणि मागचा भाग आत, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये, पत्र्याच्या पेटीखाली. पूर्ण लांब नाकाच्या डॉज, फार्गो आणि बेडफर्ड गाड्या मी लहानपणी पाहिल्या, कामात क्वचित आल्या. म्हणजे आपल्याकडचं नाक माझ्या काळात आधीच अर्धं आत गेलेलं होतं. ही गोष्ट ग्रुपवर कोणी सांगत नाही.

आणि कारखान्यातून ट्रक यायचाच नाही. यायची ती चासी. चाकांवरच्या दोन लांब लोखंडी पट्ट्या, पुढे इंजिन, बोनेट, मडगार्ड, रेडिएटरची जाळी, आणि बोनेटच्या मागे स्टिअरिंग उभं धरणारा पत्र्याचा मुखवटा. त्याला काउल म्हणतात. मागे काहीच नाही. ना छप्पर, ना दार, ना पाठ. जमशेदपूरहून किंवा पुण्याहून या चासी चालवत आणणारे ड्रायव्हर वेगळेच असत. लाकडी खोक्याची नाहीतर तात्पुरती बसवलेली खुर्ची, डोक्याला गमछा, डोळ्याला चष्मा, अंगावर जुनं जाकीट. एकामागे एक पाच-सहा चासी देवास नाक्यावरून शिरताना दिसल्या की ट्रान्सपोर्टवाल्यांची पोरं सायकली टाकून बघायला थांबत. पावसाळ्यात ती माणसं ओलीचिंब पोचत आणि पहिली मागणी चहाची नसे, कोरड्या लुंगीची असे.

पुढचं काम बॉडीवाल्याकडे. शेड म्हणजे बांबूवरचे पत्रे, खाली भुसा, आणि सगळीकडे करवतीचा आवाज. केबिनची चौकट लाकडाची: साल, बाभूळ, जे त्या आठवड्यात लाकूडपीठात स्वस्त मिळेल ते. सागाचं नाव काढलं की मालक हसायचा. चौकटीवर पत्रा खिळ्यांनी ठोकायचा, आतून प्लाय, त्यावर रेक्झिन, वर नक्षी. ड्रायव्हरच्या पाठीमागे झोपायची फळी. कपाळावर मुकुट, त्यावर मालकाच्या कुलदैवताचं नाव. या लोकांच्या हातात कला होती, त्यात शंका नाही. खिडकीच्या चौकटीवर कोरलेले मोर मी अजून विसरलो नाही. पण त्या केबिनचा कुठलाच नकाशा नसे. किती जाडीचं लाकूड, कुठे जोड, काउलला किती बोल्ट, हे मिस्त्रीच्या अंदाजावर. मी एका मिस्त्रीला विचारलं होतं, ही केबिन उलटली तर काय होईल? तो म्हणाला, “साब, उलटाने के लिए थोड़ी बना रहे हैं.”

त्या उत्तरानंतरच्या बऱ्याच गोष्टी मला बघाव्या लागल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समोरासमोरच्या धडकेत बोनेट पहिलं दुमडतं, हे खरं. बैलगाडीला, झाडाला, नाक्याच्या खांबाला वीस-पंचवीसच्या वेगाने ठोकलं तर मडगार्ड, जाळी, रेडिएटर जायचे आणि ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला मोकळा असायचा. टपरीवरचं वाक्य या धडकांवर बेतलेलं आहे. पण साठच्या वेगाने दुसरा ट्रक समोरून आला की बोनेटमागचं इंजिन जागेवर राहत नसे. ते मागे सरकायचं, आणि मागे होती ती लाकडी केबिन. स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि कडक, तो छातीकडे. चौकटीचे जोड सुटायचे, फाटलेल्या लाकडाची टोकं आत वळायची, खिळ्यांसकट पत्रा उघडा पडायचा. फायनल सर्व्हेच्या वेळी केबिनची यादी करायला गेलो की यादी करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. मी कागदावर ‘केबिन, लाकडी, संपूर्ण’ एवढंच लिहायचो.

दुसरी धडक जास्त वाईट, आणि आपल्या रस्त्यांवर जास्त नेहमीची. रात्री पंक्चर होऊन किंवा बेअरिंग जाऊन रस्त्यातच उभा राहिलेला ट्रक, मागे दिवा नाही, चार दगड आणि एक झाडाची फांदी. मागून येणारा त्याच्या हौद्यात घुसतो. हौद्याची मागची कड किती उंचीवर असते बघा कधी. बोनेटच्या वर, काचेच्या बरोबर समोर. नाकवाल्या ट्रकचं नाक त्या हौद्याखाली अलगद शिरायचं, बऱ्याचदा फार न चेपताही, आणि हौद्याची कड थेट काचेतून आत. मानपूरच्या पुढे एका पहाटे मी असा ट्रक पाहिला आहे ज्याचे दोन्ही हेडलाइट शाबूत होते. केबिनचं वर्णन इथे करत नाही. नाकाने ड्रायव्हर वाचतो असं कोणी म्हणालं की मला ते दोन हेडलाइट आठवतात. अशा धडकेत कामाला येतो तो पुढच्या गाडीच्या मागे खाली लावलेला आडवा गार्ड, आणि तो त्या दिवसांत कुठे होता?

मग नाक गेलं कशामुळे? सुरक्षेचा त्यात काही संबंध नव्हता. हिशेब जागेचा होता. रस्त्यावरच्या गाडीची एकूण लांबी नियमाने बांधलेली असते, आणि पुढच्या बंपरपासून शेपटीपर्यंत मोजताना नाकही त्यात धरतात. नाकाला दिलेला प्रत्येक फूट हौद्यातून वजा. इंदूरहून निघणारा माल बघा: शेव-नमकीनची खोकी, तयार कपडे, औषधं. वजन कमी, जागा भरपूर. अशा मालात हौदा दीड-दोन फूट जास्त लांब मिळाला तर तो मालकाचा निव्वळ नफा.

जड मालातही फायदा होताच. दोन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) ट्रकला पुढे ६ टन, मागे १०.२ टन अशी एकूण १६.२ टनांची मर्यादा होती. जुलै २०१८ मध्ये ती पुढे ७, मागे ११.५ म्हणजे १८.५ झाली. नाकवाल्या गाडीत इंजिनामागे केबिन आणि केबिनमागे हौदा, त्यामुळे मालाचा भार मागे झुकतो. मागचं ॲक्सल मर्यादेला टेकतं तेव्हा पुढच्याची ताकद शिल्लकच असते. केबिन उचलून पुढच्या चाकांवर ठेवली की हौदा पुढे सरकतो आणि दोन्ही ॲक्सल आपापला वाटा घेतात. काट्यावर पकडलं जाण्याची भीती असलेल्या मालकाला हे समजवायला इंजिनीअर लागत नाही.

हा सगळा कायद्याचा खेळ आहे याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर बंधन होतं तोवर चपटे ट्रक खूप चालले. १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर बंधन फक्त ट्रेलरच्या लांबीवर ठेवलं, पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या, लांबीवरचं काढलं, आणि थोड्या वर्षांत तिकडे सगळीकडे लांब नाकं परत आली. युरोपात एकूण लांबी मोजतात, म्हणून तिकडे सगळे चपटे. २०१५ साली युरोपने केबिनचं तोंड थोडं पुढे, गोलसर काढायची सूट दिली, ती हवेचा विरोध कमी व्हावा आणि पुढच्याला धडकल्यावर इजा कमी व्हावी म्हणून. आपल्या इथे मात्र नाकाची चर्चा नेहमी भावनेवर येते.

आमच्या बाजूला चपट्या तोंडाची सवय लावली ती इंदूरजवळच्या पीथमपूरने. १९८६ साली आयशरने तिथे मित्सुबिशीच्या सहकार्याने ‘कँटर’ काढायला सुरुवात केली. त्याच सुमाराला देशात डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान, सगळे जपानी चेहरे, सगळे चपटे, आले. पीथमपूरच्या गेटमधून नव्या गाड्या बाहेर पडताना महूकडचे लोक थांबून बघायचे. “इसका मुंह किसने काटा?” हा विनोद तेव्हाचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी टाटाने ४०७ आणली, छोट्याशा नाकाची, आणि छोट्या गाड्यांच्या बाजारात बाजी तिनेच मारली. म्हणजे गिऱ्हाइकाला नाकाचं वावडं नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. त्याला परवडणारी, कुठेही दुरुस्त होणारी गाडी हवी होती.

मोठ्या ट्रकांमध्ये बदल जरा मागून आला, आणि इथेच घोळ झाला. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बराच काळ चपट्या मोठ्या गाड्याही चासीच्याच रूपात यायच्या. पुढे चपटा काउल, मागे परत तोच मिस्त्री, तेच साल-बाभूळ, तेच खिळे. नाक गेलं, पण लोखंडी केबिन आली नाही. ड्रायव्हरचे गुडघे आता बंपरपासून वीतभर अंतरावर, आणि मधे पातळ पत्रा. इंजिन पूर्णपणे आत आलेलं, दोन सीटांच्या मध्ये. मे महिन्यात त्या पेटीवर हात ठेवून दाखवा. क्लीनर थंडीत तिच्यावर अंथरूण टाकायचा, उन्हाळ्यात तिच्यापासून दाराकडे सरकत सरकत अर्धा बाहेर लटकायचा.

माझ्या फाइलींमध्ये पायांच्या दुखापती वाढल्या त्या याच काळात. मोडलेली नडगी, चेपलेला घोटा, कापावा लागलेला पाय. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला आणि लोक सब्बलीने पत्रा उचकटताहेत, हे मी स्पॉटवर एकदा नव्हे, बऱ्याचदा ऐकलं. लोकांनी जे पाहिलं त्यावरून निष्कर्ष काढला: नाक होतं तेव्हा बरं होतं. निष्कर्षाला आधार होता, पण तुलना अर्धीच होती. लाकडी केबिनचा नाकवाला ट्रक आणि लाकडी केबिनचा चपटा ट्रक यांत नाकवाला थोडा बरा, हे मीही मान्य करतो. ज्याच्याशी तुलना करायला हवी होती तो ट्रक तेव्हा रस्त्यावर फारसा नव्हताच.

तो म्हणजे कारखान्यातून पूर्ण केबिनसकट येणारा ट्रक. केबिनच्या मजबुतीसाठी आपल्याकडे एआयएस-०२९ नावाचं मानक आहे, युरोपच्या नियमावर आधारलेलं. त्यात केबिनच्या तोंडावर पंधराशे किलोचा लोलक झुलवून आपटतात, छपरावर भार देतात, मागच्या भिंतीवर देतात, आणि मग आत माणसाएवढी जागा शिल्लक राहिली का ते तपासतात. शिल्लक जागा मोजतात, हे मला फार आवडतं. आयुष्यभर मी मोडलेलं मोजलं. हे लोक उरलेलं मोजतात.

अशा केबिनचा ट्रक मी पहिल्यांदा नीट तपासला तो गणपती घाटाखालचा. घाटात ब्रेक गेलेला, पुढच्या ट्रेलरला धडकलेला. तोंड आत गेलेलं, काच गायब, दार मात्र उघडत होतं. ड्रायव्हर धामनोदच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून बसला होता आणि मोबाइल केबिनमध्ये राहिला म्हणून माझ्यावर चिडला होता. चपटी गाडी, भरधाव धडक, आणि माणूस मोबाइल मागतोय. टपरीवरच्यांना मी हा किस्सा सांगितला की ते म्हणतात, “उसकी किस्मत थी.” नशीब तर होतंच, पण पट्टाही लावलेला होता आणि भोवती लोखंड होतं.

नाकवाल्या गाडीचं एक मात्र खरंच गेलं, आणि त्याबद्दल मी कुरकुर करीन. दुरुस्ती. बोनेट उघडलं की इंजिन समोर. क्लीनर मडगार्डवर बसून नोझल काढायचा, ड्रायव्हर खालून फॅनबेल्ट चढवायचा, आणि सेंधव्याच्या बिजासन घाटात रात्री दोनलाही गाडी चालू व्हायची. चपट्या, झुकणाऱ्या केबिनमध्ये इंजिन बघायचं तर अख्खी केबिन पुढे पाडावी लागते. त्याआधी आतलं सगळं काढायचं: देव, उदबत्तीचं घर, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, चपला, मीठ-मिरचीचे डबे. ट्रान्सपोर्ट नगरात एका घाईतल्या पोराने हे न करता केबिन झुकवली, तेव्हा तेलाचा डबा, पीठ आणि शंकराची मूर्ती एकदमच काचेवर येऊन आदळली. ते पीठ तेलात भिजून डॅशबोर्डच्या फटींत गेलं. मालकाने ते नुकसानही क्लेममध्ये घालून मागितलं होतं. दिलं नाही.

क्लेमचं निघालंच आहे तर आणखी एक. जुनं बोनेट पत्र्याचं. चेपलं की डेंटर हातोडीने ठोकून सरळ करायचा, पुट्टी, रंग, झालं. आता पुढे प्लास्टिकची जाळी, प्लास्टिकचा बंपर, हेडलाइटचा अख्खा सेट. ठोकून सरळ होत नाही, बदलावंच लागतं. आणि विम्याच्या हिशेबात प्लास्टिक, नायलॉन, रबर यांवर सरळ ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. फायबर ग्लासवर ३०. धातूला वयानुसार: पहिले सहा महिने काही नाही, मग ५ टक्के, एका वर्षानंतर १०, दोन वर्षांनंतर १५, असं चढत दहा वर्षांपुढे ५०. लाकडालाही धातूसारखंच वय लागू. म्हणजे त्याच धडकेत पत्र्याच्या नाकवाल्या गाडीच्या मालकाच्या खिशातून कमी जायचं. झीरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं नसेल तर नव्या गाडीचा मालक आमच्याकडे चोर असल्यासारखा बघतो. चपट्या तोंडावरचा मालकांचा राग बहुतेक इथून येतो, ड्रायव्हरच्या काळजीतून नाही. हे माझं वैयक्तिक मत, ग्रुपवर लिहिलं तर भांडण होईल.

ड्रायव्हरांचं विचाराल तर त्यांची तक्रार वेगळी. नाकवाल्या गाडीत तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसायचा, खड्डा आधी गाडीला लागायचा. चपट्यात तो चाकाच्या डोक्यावर बसतो आणि खड्डा त्याच्याच कमरेला लागतो. वळताना चाक त्याच्या खाली किंवा थोडं मागेच असतं, म्हणून सवय नसलेला सियागंजाच्या कोपऱ्यावर लवकर वळतो आणि दुकानाचा ओटा घेऊन जातो. उलट गर्दीत पुढचं जवळचं दिसतं ते चपट्यातच. नाकासमोर आलेली स्कूटी नाकवाल्याला दिसायचीच नाही. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. इंजिनाच्या पेटीशेजारी मे महिने काढलेल्या माणसांना विचारा त्याची किंमत.

नाकवाले अजून दिसतात. पाण्याच्या टँकरखाली, वीटभट्टीवर, आणि सगळ्यात जास्त क्रेनखाली. बायपासवर उलटलेला नवा ट्रक उचलायला जी क्रेन येते ती पुष्कळदा जुन्या नाकवाल्या चासीवर बांधलेली असते, कारण ती स्वस्तात मिळते आणि इंजिन कोणीही दुरुस्त करतो.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या मुलाचा फोन आला. बायपासवर ढाबा काढतोय, दारात फोटो काढायला एक जुना बोनेटचा ट्रक उभा करायचाय. “काका, भंगारवाला सांगतो त्या किमतीला घेऊ का?” मी गाडी बघून आलो. लाकडी केबिन मूळची, मोर अजून शाबूत. किंमत थोडी कमी करून घे म्हटलं, आणि रंग नंतर दे, आधी आतून पत्र्यावर सगळीकडे हात फिरवून बघ, खिळे बाहेर आलेत, पोरं वर चढणारच.